शेरूचं क्रिएटिनिन नक्की किती?

पत्राचा सारांश : घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. कुत्र्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचा शेरू दहा वर्षांचा, लॅब्राडोर आणि गावठी यांचा मिश्र, वजन २८ किलो. जुलैच्या शेवटी त्याला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. जवळच्या क्लिनिकमध्ये संध्याकाळी रक्त घेऊन तिथल्याच मशीनवर तपासलं. किडनी गाळून बाहेर टाकते त्या रक्तातल्या कचऱ्याचे दोन आकडे आले : क्रिएटिनिन २.१, बीयूएन ३४. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि किडनीच्या कुत्र्यांचं खास खाणं सुरू करायला सांगितलं. आठ दिवसांनी शेरू खेळायला लागल्यावर ताईंच्या यजमानांनी ओळखीच्या कंपाउंडरकडून सकाळी रक्त काढून घेतलं आणि नळी स्टेशनजवळच्या, घरच्या माणसांच्या तपासण्या होतात त्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिली. तिथे क्रिएटिनिन १.६ आणि युरिया ६० आलं, दोन्हींपुढे लाल अक्षरात 'हाय'. यजमानांचं म्हणणं, क्लिनिकवाल्यांनी महागडं खाणं खपवायला घाबरवलं. नेरुळचे दीर म्हणतात, वाशीला एक चांगली लॅब आहे, तिथे एसडीएमए ही किडनीची रक्ततपासणी करा म्हणजे खरं-खोटं काय ते एकदाच कळेल. नवीन खाण्याला शेरू तोंड लावत नाही आणि सासूबाईंचा जीव तीळतीळ तुटतोय. ताई विचारतात, "कोणती लॅब खरी मानू? डॉक्टर बदलू का? आणि सासूबाईंना काय सांगू?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भीती त्या ६० ची आहे. "आठ दिवसांत ३४ चे ६० झाले, किडनी झपाट्याने जातेय का?" असं तुम्ही लिहिलंय. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बघू. दोन्ही कागदांचे फोटो पाठवलेत, फार बरं केलंत. क्लिनिकच्या कागदावर त्या ओळीत 'बीयूएन' छापलंय. पॅथॉलॉजीच्या कागदावर 'ब्लड युरिया'. पदार्थ तोच, मोजायची रीत वेगळी. बीयूएनमध्ये युरियातला फक्त नायट्रोजन धरतात. युरियाच्या रेणूचा भार ६०, त्यातल्या नायट्रोजनचा २८. म्हणून युरियाच्या आकड्याला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. तुमच्या ६० ला भागून बघा, २८ येतं. म्हणजे आठ दिवसांत शेरूचं ३४ वरून २८ वर आलं. वाढलेलं नाही, उतरलंय. हा भागाकार मोबाइलवर एकदा यजमानांसमोर करा.

गेली कित्येक वर्षं ठाण्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करतेय, आणि या एका ओळीपायी रात्र जागून काढलेली माणसं सकाळी माझ्यासमोर येऊन बसलेली मी पाहिली आहेत. आपल्याकडे काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन, काही दोन्ही. नेटवर वाचलेल्या परदेशी तक्त्यांत तर क्रिएटिनिनसुद्धा मायक्रोमोलमध्ये असतं. आपल्या मिलिग्रॅमच्या आकड्याला ८८.४ ने गुणायचं, की १.६ चे १४१ होतात. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की आकड्याआधी ओळीचं नाव आणि पुढचं एकक वाचायचं, एवढी सवय लावून घ्या.

आता क्रिएटिनिन. २.१ आणि १.६ यांचं एकक एकच आहे, त्यामुळे कुणीतरी एक चुकलंय असं वाटणं साहजिक आहे. पण ताई, हे दोन आकडे एकाच शेरूचे असले तरी त्याच्या एकाच अवस्थेतले नाहीत. पहिल्या दिवशी तो दोन दिवस ओकून आणि जुलाब होऊन सुकलेला होता. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि किडनी धडधाकट असली तरी क्रिएटिनिन आणि युरिया रक्तात साठतात. सलाईन मिळालं, पोट थांबलं, पाणी प्यायला लागला की ते उतरतात. दुसरं, तुम्ही सहज लिहून गेलात की त्या दुपारी सासूबाईंनी त्याला उकडलेलं चिकन आणि त्याचं पाणी भरवलं होतं. मांसातलं क्रिएटिन शिजताना काही प्रमाणात क्रिएटिनिन होतं, ते आतड्यातून थेट रक्तात जातं आणि पुढचे काही तास आकडा फुगवतं. दुसरं रक्त सकाळी उपाशीपोटी घेतलेलं. दोन्ही लॅब शंभर टक्के बरोबर असत्या तरी हे दोन आकडे वेगळेच आले असते.

आणि लॅब शंभर टक्के बरोबर नसतात, कुठलीच नसते. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती चालतात. एक जाफे नावाच्या शास्त्रज्ञाची. पिक्रेटच्या द्रावणात क्रिएटिनिन पडलं की नारिंगी रंग चढतो, हे जाफेने १८८६ साली नोंदवलं. परळचं आपलं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं तेच साल. इतकी जुनी पद्धत अजून टिकली, कारण ती स्वस्त आहे. पण तो रंग एकट्या क्रिएटिनिनमुळे येत नाही. साखर, कीटोन, प्रथिनं, सेफालोस्पोरिन गटातली काही अँटिबायोटिक्स हीसुद्धा थोडाथोडा रंग देतात, आणि कुत्र्याच्या रक्तात या उपऱ्या रंगाचा वाटा दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. दुसरी पद्धत एन्झाइमची, ती जास्त नेमकी. त्यामुळे एका लॅबमध्ये जाफे आणि दुसरीत एन्झाइम असेल तर एकाच नळीतल्या रक्ताचे दोन आकडे निघतात, आणि त्यात कुणाचीच लबाडी नसते. शेरूला उलट्या-जुलाबासाठी कुठलं इंजेक्शन चालू होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी लॅबच्या फॉर्मवर ते लिहा.

२०११ साली युरोपातल्या दहा पशुवैद्यकीय लॅबमध्ये कुत्र्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन तपासून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथेही लॅबगणिक आकडे सरकत होते. जनावरांच्या लॅब-तज्ज्ञांची अमेरिकेतली संघटना आहे, तिने क्रिएटिनिनमध्ये वीस टक्क्यांपर्यंतची एकूण चूक चालवून घेण्याजोगी मानली आहे. हे शेरूला लावून बघा. खरं क्रिएटिनिन १.८ धरलं तर एक चांगली लॅब १.५ सांगू शकते आणि दुसरी तितकीच चांगली लॅब २.१. तुमच्या घरातलं सगळं भांडण या एवढ्याशा पट्ट्यात मावतं.

तेव्हा "कोणती लॅब खरी" या प्रश्नातच थोडी गफलत आहे. दोन लॅबची तुलना करायचीच असेल तर त्याची एकच सरळ रीत : एकाच वेळी, एकाच सुईने काढलेलं रक्त दोन नळ्यांत भरायचं आणि त्याच तासात दोन्हीकडे पोचवायचं. आठ दिवसांच्या अंतराने, एकदा आजारी आणि एकदा बरा, एकदा जेवलेला आणि एकदा उपाशी, अशा रक्तावरून लॅबची परीक्षा होत नाही.

नळीच्या प्रवासाचंही सांगते. यजमानांनी ती स्कूटरच्या डिकीत ठेवली, वाटेत बँकेचं काम केलं, कापूरबावडीला ट्रॅफिक लागला, आणि दीड-दोन तासांनी ती लॅबच्या खिडकीवर पोचली. क्रिएटिनिन तसं चिवट आहे, तेवढ्याने ते बिघडत नाही. पण रक्त पेशींसकट उकाड्यात पडून राहिलं की पेशी साखर खात राहतात, फॉस्फरस पेशींतून बाहेर येतो, आणि नळी हिंदकळून पेशी फुटल्या तर वरचं पिवळसर पाणी गुलाबी होतं. तो गुलाबी रंग रंगावर चालणाऱ्या तपासण्यांत लुडबुड करतो. किडनीच्या कुत्र्यात फॉस्फरसचा आकडा आम्हाला फार लागतो, म्हणून हे महत्त्वाचं. रक्त काढलं तिथेच अर्ध्या-पाऊण तासाने मशीनवर फिरवून ते वरचं पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करून घ्यावं आणि मग बर्फाच्या पिशवीसोबत पाठवावं. "सिरम वेगळं करून द्याल का?" असं डॉक्टरांना सरळ विचारायचं, त्यात कुणी रागावत नाही.

आता त्या लाल 'हाय'बद्दल. पॅथॉलॉजी लॅबच्या संगणकात माणसांची नॉर्मल रेंज भरलेली असते. पुरुषाचं क्रिएटिनिन साधारण १.३ च्या वर गेलं की तो लाल करतो, युरिया चाळीसच्या वर गेलं की लाल करतो. त्याला काय ठाऊक की हा पेशंट चार पायांचा आहे. तुमच्या कागदावर तर शेरूचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, तोसुद्धा काढलाय. तो माणसाच्या वयावरून आणि लिंगावरून बेतलेल्या सूत्राचा आकडा, त्यावर सरळ काट मारा. क्रिएटिनिन हा रेणू मात्र माणसात आणि कुत्र्यात एकच, म्हणून १.६ हा आकडा अगदीच टाकाऊ नाही. त्याच्या शेजारची रेंज टाकाऊ आहे. कुत्र्यांसाठीच्या बऱ्याच मशीनांवर वरची मर्यादा १.८ च्या आसपास असते, तिथे हेच १.६ काळ्या अक्षरात, मुकाट्याने छापून आलं असतं.

आणि तरीही मी ते मुकाट्याने सोडून देणार नाही. कुत्र्यांच्या किडनीच्या आजाराचे टप्पे जगभर ज्या तक्त्याने ठरवतात तो इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीचा, आम्ही त्याला आयरिस म्हणतो. त्यात १.४ च्या खाली पहिला टप्पा, १.४ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा, पाचच्या वर चौथा. बघा, तुमचे २.१ आणि १.६ दोन्ही एकाच टप्प्यात बसतात. ज्या दोन रिपोर्टांवरून घरात अबोला धरण्याची वेळ आली ते उपचाराच्या दृष्टीने एकच गोष्ट सांगताहेत. मात्र हा तक्ता वापरायची एक अट आहे, आणि घाईघाईत तीच विसरली जाते : आधी जुनाट किडनीचा आजार आहे हे ठरलेलं हवं, आणि कुत्रा स्थिर असताना, अंगात पुरेसं पाणी असताना, उपाशीपोटी, निदान दोनदा तपासलेलं हवं. पहिला रिपोर्ट या अटीत बसत नाही. दुसरा बसतो, पण तो एकटाच आहे.

मग शेरूचं १.६ चांगलं की वाईट? याचं उत्तर कुठल्याच लॅबकडे नाही, ते बहुधा तुमच्या कपाटात आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोटावरची गाठ काढली. भूल देण्याआधी रक्त तपासलंच असेल. तो कागद शोधा, नसेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून मागवून घ्या. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. मोठ्या, दणकट कुत्र्यात ते मुळातच जास्त असतं, ग्रेहाउंडमध्ये तर निरोगीपणीच वर असतं, आणि चिमुकल्या पॉमेरेनियनमध्ये कमी. प्रत्येक कुत्रा आपल्या ठरलेल्या आकड्याच्या आसपास राहतो. शेरूचं दोन वर्षांपूर्वी १.५ असेल तर आजचं १.६ म्हणजे त्याची प्रकृतीच तशी. तेव्हा ०.९ असेल तर आजचं १.६, रेंजच्या आत असूनही, मला खटकेल. कारण आकडा रेंज ओलांडतो तोवर किडनीची जवळजवळ पाऊण ताकद गेलेली असू शकते. आणि याची दुसरी बाजू : म्हातारा कुत्रा वाळत गेला, मांड्या सैल पडल्या, पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागायला लागले, की किडनी बिघडत असतानाही क्रिएटिनिन खाली येऊ शकतं. म्हणून प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या दिवशीचं वजन लिहून ठेवायचं.

एसडीएमएबद्दल दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सिमेट्रिक डायमिथाइल आर्जिनिन असं त्याचं लांबलचक नाव. २०१५ पासून ही तपासणी व्हेटर्नरी डॉक्टरांच्या वापरात आली. स्नायूंवर ती अवलंबून नाही, म्हणून वाळलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात फार उपयोगी पडते, आणि बऱ्याचदा क्रिएटिनिनच्या आधी इशारा देते. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यात १४ पर्यंत ठीक मानतात. पण तिलाही चढ-उतार आहेत, एकदा १६ येऊन पुढच्या वेळी १३ येतं, आणि कुत्रा सुकलेला असेल तर तीही वर जाते. करायची असेल तर जरूर करा, पण खरं-खोटं ठरवणारी न्यायाधीश म्हणून नको. त्या लॅबचं एसडीएमए, या लॅबचं क्रिएटिनिन आणि क्लिनिकचं बीयूएन अशी गोधडी शिवत बसलात तर महिन्याभराने गोंधळ आजच्यापेक्षा वाढलेला असेल.

मला तुमच्या दोन्ही रिपोर्टांत एका गोष्टीची चुटपुट लागली. लघवी कुणीच तपासलेली नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून सांगते. दवाखाना सुरू करून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एक डोबरमन आला होता. सुस्त, तोंड कोरडं, क्रिएटिनिन २.४. मी एका रिपोर्टवरून त्या घरच्यांना किडनी निकामी होतेय म्हणून सांगितलं. मांस बंद करायला लावलं. त्या घरातल्या आजींनी सगळ्यांचंच मटण बंद केलं, त्याच्यासमोर कसं खायचं म्हणून. तीन आठवड्यांत तो कुत्रा अडीच किलो उतरला. मग माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याच्या लघवीचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे लघवी किती दाट आहे ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर, टाकला आणि यंत्र माझ्या हातात दिलं. आत बघितलं तर निळ्या-पांढऱ्याची रेघ १.०४० वर. इतकी दाट लघवी करणारी किडनी निकामी नसते. तो पहिल्या दिवशी फक्त सुकलेला होता आणि आदल्या रात्री मटण खाल्लेलं होतं. त्या आजींना हे सांगताना मला मान वर करता येत नव्हती.

लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ती किती दाट, ही इतकी साधी तपासणी आहे. कुत्र्यात १.०३० च्या वर असेल तर किडनी पाणी राखतेय. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं आणि लघवी मात्र १.००८ ते १.०१२ च्या आसपास अडकलेली, पाण्यासारखी, असं असेल तर काळजीचं. हे रिफ्रॅक्टोमीटरवरच मोजायला हवं. लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्टीवरचा गुरुत्वाचा चौकोन कुत्र्यांसाठी भरवशाचा नाही, आणि माणसांच्या लॅबमध्ये बऱ्याचदा तीच पट्टी वापरतात. सलाईन चालू असताना किंवा नुकतं झालेलं असताना ही तपासणी फसवी येते, त्यामुळे आता शेरू बरा असतानाच करा. सकाळचा पहिला नमुना, पाणी प्यायच्या आधीचा. शेरू पाय वर करतो ना, मग सोपं आहे : लांब दांड्याचा स्वच्छ, कोरडा डाव घेऊन मागून हळूच धारेखाली धरायचा, पहिली धार सोडून. पहिल्या दिवशी तो दचकून थांबेल, तिसऱ्या दिवशी लक्षही देणार नाही. नमुना स्वच्छ डबीत भरून फ्रिजमध्ये, आणि शक्यतो दोन-चार तासांत पोचता करायचा.

त्याच लघवीतून प्रथिनं आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात, त्याला यूपीसी म्हणतात. ०.२ च्या खाली चांगलं, ०.५ च्या वर म्हणजे किडनीतून प्रथिनं गळताहेत. एका नमुन्यात हे फार हलतं, म्हणून तीन दिवसांच्या लघवीचा थोडाथोडा भाग एकत्र करून तपासला तर आकडा जास्त विश्वासाचा मिळतो. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर यूपीसीला अर्थ नाही, म्हणून साधी युरिन तपासणी सोबत हवीच. आणि रक्तदाब. तो १६० च्या वर राहत असेल तर किडनीला त्याचाच मार बसतो.

ठाणं, पावसाळा आणि उलट्या-जुलाब हे तीन शब्द एका पत्रात आले की मी आणखी एक गोष्ट विचारतेच : लेप्टो. साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या किडनीवर आणि लिव्हरवर धावतो, आणि तो माणसालाही होतो. तुमच्या सोसायटीच्या मागच्या गेटजवळ पाणी तुंबतं आणि शेरू त्यातूनच जातो, असं तुम्ही लिहिलंय. त्याची लस वेळेवर झाली आहे का ते कार्डावर बघा. झाली असली तरी लेप्टोच्या सगळ्या प्रकारांना ती अडवत नाही, म्हणून डॉक्टरांशी हे बोलाच. त्याची लघवी गोळा करताना हातमोजे घाला, डाव नंतर स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही. गोचिडांचा तापही किडनीतून प्रथिनं गाळायला लावतो, त्याचीही चौकशी करा. आणि गणपतीत त्याला कुणी बेदाणे-मनुका घातलेला शिरा भरवणार नाही याकडे लक्ष ठेवा. द्राक्षं आणि मनुका काही कुत्र्यांची किडनी दोन दिवसांत बंद पाडतात. दुखतंय म्हणून माणसांची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन अर्धी गोळीसुद्धा नाही.

डॉक्टर बदलायचे का? माझं मत, आत्ता तरी नाही. यजमानांचा राग मला कळतो, महिन्याच्या खर्चात ते खाणं बसवणं सोपं नाही. पण सुकलेल्या, ओकणाऱ्या, २.१ क्रिएटिनिन असलेल्या कुत्र्याला सलाईन लावणं अगदी योग्य होतं, आणि त्यानेच तो उठला. आधी लघवी न तपासता कायमचं किडनीचं खाणं सुरू करणं ही घाई झाली, पण ती फसवणूक नाही. ती घाई मीही केली आहे. तुम्ही दोन्ही कागद आणि जुना रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडेच जा आणि तीन गोष्टी विचारा. लघवी तपासूया का? तुमच्या मशीनला कंट्रोल कधी लावता? आणि पुढचं क्रिएटिनिन इथेच करायचं की बाहेरच्या व्हेटर्नरी लॅबमध्ये, म्हणजे पुढे दर वेळी तिथेच करू? कंट्रोल म्हणजे आधीच आकडा ठाऊक असलेलं सिरम. ते मशीनवर चालवून मशीन भरकटलं नाही ना ते बघतात. चांगला डॉक्टर हे प्रश्न ऐकून खुलतो. उडवाउडवी झाली, तर मग डॉक्टर बदलायचा विचार करायला तुमच्याकडे खरं कारण असेल.

लॅब कुठलीही निवडा, पण एकच. क्लिनिकचं मशीन असो, व्हेटर्नरी लॅब असो, शेवटी दुसरं काहीच जवळ नसेल तर माणसांची लॅबसुद्धा चालेल, मात्र एकदा ठरली की तीच. दर वेळी सकाळी, आदल्या रात्रीपासून आठ ते बारा तास उपाशी, पाणी मात्र भरपूर, त्याच पद्धतीने. आता साधारण दोन-तीन आठवड्यांनी एकदा, मग डॉक्टर सांगतील तसं दोन-तीन महिन्यांनी. जुनाट किडनीचा आजार म्हणायला बिघाड तीन महिने तरी टिकलेला दिसावा लागतो, त्यामुळे घाई करून उत्तर लवकर मिळत नाही. एक वही करा. तारीख, वेळ, किती तास उपाशी, लॅबचं नाव, क्रिएटिनिन, बीयूएन (युरिया असेल तर भागून), फॉस्फरस, लघवीचं गुरुत्व, यूपीसी, वजन, चालू औषधं. चार ओळी भरल्या की आकडे स्वतःच बोलायला लागतील, आणि मग १.६ चं १.७ झालं म्हणून कुणी घाबरणार नाही.

त्याचं पाणीही एक दिवस मोजा. सकाळी दोन लिटरच्या बाटलीतून वाडग्यात ओतत जायचं आणि रात्री उरलेलं वजा करायचं. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर, म्हणजे शेरूसाठी २.८ लिटरच्या वर पीत असेल तर डॉक्टरांना कळवा. फ्लॅटमध्ये सारखी लघवी होते म्हणून कुणी त्याचं पाणी कमी करणार नाही, हे मात्र घरात सगळ्यांना बजावून ठेवा. पाणी तोडणं ही किडनीच्या कुत्र्याला दिलेली सगळ्यात वाईट शिक्षा आहे. आणि उलट्या पुन्हा सुरू झाल्या, दिवसभर काही खाल्लं नाही, लघवी बंद झाली, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या, तर वही-लॅब काही बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिलं खाणं. किडनीचा आजार ठरला आणि तो दुसऱ्या टप्प्यात असला, तर फॉस्फरस साधारण ४.६ च्या खाली राखायचा असतो, त्यासाठी ते खाणं आहे आणि त्याचा खरोखर उपयोग होतो. पण अजून काहीच ठरलेलं नाही, आणि न खाल्लेल्या खाण्याने कुणाचीच किडनी सुधारत नाही. लघवीचा रिपोर्ट येईपर्यंत त्याला नेहमीचं जेवण देऊ का, हे डॉक्टरांना विचारा. मला वाटतं ते हो म्हणतील. पुढे बदलावं लागलंच तर आठ-दहा दिवसांत, रोज चमचाभर जुनं कमी आणि चमचाभर नवं जास्त, थोडं कोमट करून. उलट्या होत असताना नवं खाणं कधीच सुरू करायचं नाही. त्या दुखण्याशी ते खाणं त्याच्या डोक्यात जोडलं जातं आणि मग जन्मभर तो त्याला शिवत नाही. शेरूचं बहुधा हेच झालंय.

सासूबाईंना सांगा की त्यांच्या चिकनमुळे शेरूची किडनी बिघडलेली नाही, फक्त त्या संध्याकाळचा आकडा थोडा फुगला असेल. पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री नऊनंतर त्याला काही द्यायचं नाही, एवढं एकच पथ्य त्यांच्याकडे सोपवा. आणि सकाळी दवाखान्यात जाताना डब्यात चार तुकडे घालून त्यांनाच सोबत न्या. सुई निघाली की त्यांच्या हातूनच भरवू द्या.